बाबासाहेबांची बॅरिस्टरी : सहा वर्षांचा अभ्यास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असं ठरल्यावर समितीच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला इतिहासावर काहीतरी लिहा असा आग्रह केला. आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झालं. आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली ती झालीच. तेव्हापासून दुपार मोकळी असते, म्हणून वाचन थोडं वाढलं आहे. तेव्हा विद्वानांनी चुका पोटात घालाव्यात.

विषय आम्ही निवडला नाही, तो एका मुलीने आमच्यावर टाकला. गेल्या वर्षावासात रविवारची वंदना झाल्यावर वस्तीतली एक मुलगी आमच्याकडे आली. वकील आहे, सनद घेतलेली, कोर्टात जाते. ती म्हणाली, "काका, मी इंग्लंडच्या सॉलिसिटरच्या परीक्षेला बसतेय. घरात अभ्यासाला जागा नाही. विहाराची वरची खोली रात्री मिळेल का?" आणि मग सहज म्हणावं तसं विचारलं, "काका, बाबासाहेबांनी बॅरिस्टरीचा अभ्यास नेमका केला कसा? परीक्षेला विषय काय होते? किती दिवस लागले?"

आम्ही चाळीस वर्षं जयंतीला भाषणं ठोकतोय. पावाचा तुकडा आणि पापड खाऊन बाबासाहेब रात्रभर जागले, हे आम्ही शंभर वेळा सांगितलं असेल. पण परीक्षेला विषय काय होते, हे आम्हाला सांगता येईना. लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे पुन्हा काढले आणि वाचनालयात जे जे मिळालं ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे देत आहोत.

आधी त्या मुलीची परीक्षा काय ते समजून घेऊ, कारण आम्हालाही ते तिनेच समजावलं. इंग्लंडात वकिलांच्या दोन जाती. (हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे.) एक सॉलिसिटर, म्हणजे अशिलाचं काम घेणारा, कागदपत्रं तयार करणारा. दुसरा बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात उभा राहून युक्तिवाद करणारा. बाहेरच्या देशातल्या वकिलाला तिथे सॉलिसिटर व्हायचं असेल तर पूर्वी त्याच्यासाठी वेगळी परीक्षा होती. १ सप्टेंबर २०२१ पासून ती बंद होऊन तिथल्या पोरांना आणि बाहेरच्या वकिलांना एकच परीक्षा आली. तिचे दोन भाग. पहिल्या भागात दोन दिवस, दर दिवशी १८० प्रश्न, मिळून ३६० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाखाली पाच उत्तरं, त्यातलं सर्वांत योग्य एक निवडायचं. पुस्तक उघडता येत नाही. वेळेचा हिशोब केला तर एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंसुद्धा पुरी मिळत नाहीत. विषय म्हणाल तर करार, नुकसानभरपाई, जमीन, मृत्युपत्र, ट्रस्ट, फौजदारी, कंपनी, शिवाय वकिलाने अशिलाचे पैसे कसे सांभाळावेत त्याचा हिशोबही. दुसऱ्या भागात हातानं काम करून दाखवायचं. सोळा कामं, त्यातली बारा लेखी आणि चार तोंडी, म्हणजे अशिलाची मुलाखत घेणं, कोर्टात बाजू मांडणं अशी. अनुभवी वकिलाला या दुसऱ्या भागातून सूट मागता येते. तोंडी कामासाठी मात्र तिकडे जावं लागतं. एका भागाला तीनदाच बसता येतं आणि ते सगळं सहा वर्षांच्या आत.

फी ऐकून आम्ही गप्प बसलो. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही भागांची मिळून ती ४,७९० पौंड होती. आपल्या रुपयांत पाच लाखांच्या वर. यात पुस्तकं नाहीत, क्लास नाही, विमान नाही.

आता शंभर वर्षं मागे जाऊ.

त्या काळात बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चार संस्थांपैकी एकीत नाव घालावं लागे. त्यांना 'इन' म्हणतात. लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन. पूर्वी कधीतरी वकील तिथे राहात आणि शिकत, म्हणून ते नाव. परीक्षा १८७२ पासून सक्तीची झाली. पण परीक्षा हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा म्हणजे टर्म भरणं. वर्षाच्या चार टर्म, अशा बारा टर्म भरल्याशिवाय बॅरिस्टर करत नसत. आणि टर्म भरायची कशी, तर त्या इनच्या हॉलमध्ये जाऊन ठरलेल्या संख्येने जेवायचं! हजेरी वर्गातली धरली जात नसे, पंगतीतली धरली जाई. आमच्या गिरणीत हजेरीची फाळकी पंच करायचो, तसं हे जेवणाचं पंचिंग. हसू येतं खरं, पण यातली गोम पैशाची आहे. जेवणाला लंडनमध्ये हजर असावं लागतं, म्हणजे तीन वर्षं लंडनमध्ये राहण्याचा खर्च करावा लागतो. पुस्तक पाठ करून कुणी दोन महिन्यांत मोकळा होऊ शकत नसे.

या पंगतींचं सर्वांत चांगलं वर्णन गांधींनी आपल्या आत्मकथेत केलं आहे. आमच्या स्मरणिकेत हे नाव बघून कुणी भुवया उंचावू नयेत. माहिती ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडून घ्यावी. ते १८८८ साली गेले, इनर टेम्पलमध्ये नाव घातलं आणि १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झाले. ते सांगतात, एका टर्मला सहा तरी जेवणं लागत. चार-चार जणांचा गट बसे आणि गटाला दारूच्या बाटल्या मिळत. हे पीत नसत, म्हणून आपल्या गटात यांना घ्यायला प्रत्येकजण टपलेला असे. परीक्षेविषयीही ते स्पष्ट लिहितात की ती तेव्हा फार अवघड नव्हती. पोरं छापील टिपणं वाचून रोमन कायदा दोन आठवड्यांत आणि इंग्लंडचा कायदा दोन-तीन महिन्यांत उरकत, आणि बहुतेक सगळे पास होत. गांधींनी मात्र मूळ पुस्तकं वाचली आणि रोमन कायद्यासाठी लॅटिन शिकले.

म्हणजे श्रीमंताच्या पोराला बॅरिस्टरी सोपी होती. राहायला पैसे असले की झालं. आमच्या मते बाबासाहेबांची गोष्ट इथून वेगळी होते, आणि भाषणात आपण नेमकं हेच सांगत नाही.

बाबासाहेब सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तिथून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं आणि ११ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रेज इनमध्ये. दोन अभ्यास एकाच वेळी, एक अर्थशास्त्राचा, एक कायद्याचा. महायुद्ध चालू होतं. वर्षही पुरतं भरलं नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत या असं आलं. लंडन विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली आणि ते निघाले. सामान दुसऱ्या जहाजाने पाठवलं होतं. 'साल्सेट' नावाचं ते जहाज जुलै १९१७ मध्ये पाणतीराने बुडालं, आणि त्यात त्यांची पुस्तकं गेली.

बडोद्याला काय झालं ते प्रत्येक घरात माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी हा पगार मोठा. पण घर चाललं ते परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, काटकसरीने. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. गाठीची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे १,५०० रुपये आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्ज, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन. रमाई इथे, पोरं इथे.

हा तीन वर्षांचा खंड नीट लक्षात घ्यावा असं आम्हाला वाटतं. काही वक्ते सांगतात की बाबासाहेबांनी आठ वर्षांचा अभ्यास सव्वादोन वर्षांत केला. टाळ्या पडतात. आम्हीही असं बोललो आहोत, कबूल करतो. पण तारखा बघा. ग्रेज इनमध्ये नाव घातलं ११ नोव्हेंबर १९१६, बॅरिस्टर झाले २८ जून १९२२. साडेपाच वर्षं उलटून गेली, आणि मधली तीन वर्षं परीक्षेसाठी नव्हे तर पैशासाठी गेली. कॅलेंडर घेऊन आम्ही टर्म मोजल्या. पहिल्या वेळच्या चार, दुसऱ्या वेळी १९२० च्या शेवटची एक, १९२१ च्या चार आणि १९२२ च्या तीन. बारा भरतात. जिथे धागा तुटला तिथेच येऊन त्यांनी तो जोडला. साच्यावर काम केलेल्या माणसाला हे जास्त कळेल. तुटलेला धागा जोडायला नव्याने ओवण्यापेक्षा जास्त नजर लागते.

आता विषय. बॅरिस्टरीच्या परीक्षेचे दोन टप्पे होते. पहिल्यात रोमन कायदा, घटनात्मक कायदा आणि कायद्याचा इतिहास, फौजदारी कायदा. याशिवाय इंग्लंडच्या जमिनीच्या कायद्याऐवजी हिंदू आणि मुसलमानी कायदा घ्यायची सोय होती, ती हिंदुस्थानात परत जाऊन वकिली करणाऱ्यांसाठी. शेवटच्या परीक्षेत कॉमन लॉ, इक्विटी, पुरावा आणि दिवाणी कामाची पद्धत. 'कॉमन लॉ' म्हणजे कोर्टाच्या निकालांतून वाढत गेलेला कायदा, आणि 'इक्विटी' म्हणजे कायद्याच्या अक्षरात न बसणाऱ्या माणसाला न्याय देण्यासाठी वेगळ्या कोर्टातून तयार झालेले नियम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ समजल्यावर आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

हे सगळं चालू असताना दुसऱ्या हाताने अर्थशास्त्र. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध दिला. बॅरिस्टरी या दोहोंच्या मध्ये झाली. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, रात्री खोलीवर. कीरांनी घरमालकिणीचा कंजूषपणा लिहिला आहे, सकाळी पावाचा तुकडा, मासळीचा एक घास आणि कपभर बोव्हरिल. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजायचे. त्यांचा एक खोलीसोबती होता. तो झोपायचा, हे वाचत बसायचे. ते १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. ग्रेज इनमध्येही आज बाबासाहेबांच्या नावाची एक खोली आहे.

त्या पंगतींचा विचार मात्र आमच्या मनातून जात नाही. ज्या माणसाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर बसावं लागलं, पाणी वरून ओतलं तर प्यायला मिळालं, त्याला बॅरिस्टर होण्यासाठी नियमच असा होता की चौघांबरोबर एका टेबलावर बसून जेवलंच पाहिजे. नाही जेवलं तर टर्म बुडेल. महाडचं तळं अजून पाच वर्षं पुढे होतं.

आणि पैसा संपला. याचं कारण त्यांच्या प्रबंधाच्या विषयातच आहे. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत, म्हणजे पौंड दहा रुपयांच्या आत होता. १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला, म्हणजे पौंड सोळा रुपयांवर गेला. घरून येणारे रुपये तेवढेच, लंडनमध्ये हातात पडणारे पौंड कमी. रुपयाचा प्रश्न हे पुस्तक लिहिणाऱ्याला तो प्रश्न जेवणाच्या ताटात भेटत होता. ४ सप्टेंबर १९२१ रोजी त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. फीला पैसे हवेत, परत यायला हवेत. इतका मोठा माणूस हात पसरताना लाजला नाही, कारण ते पैसे स्वतःच्या चैनीचे नव्हते.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. बाबासाहेब बॅरिस्टर झाले २८ जूनला. त्रेपन्न दिवसांचं अंतर.

आता आमच्या भगिनींसाठी दोन शब्द, कारण प्रश्न विचारणारी मुलगी होती. १९१९ पर्यंत इंग्लंडात बाईला वकील होताच येत नव्हतं, मग ती कितीही शिकलेली असो. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या. पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी. डिसेंबर १९१९ मध्ये कायदा बदलला. पहिली बाई, आयव्ही विल्यम्स, १० मे १९२२ रोजी बॅरिस्टर झाली, म्हणजे बाबासाहेबांच्या फक्त सात आठवडे आधी. जानेवारी १९२३ मध्ये मिथन टाटा लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि पुढे आपल्या मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या. त्यासुद्धा त्याच वर्षांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होत्या. लंडनच्या त्या चार-दोन गल्ल्यांत अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेला माणूस आणि बाई म्हणून बाहेर ठेवलेल्या बाया एकाच सुमारास आत शिरत होत्या. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं.

बॅरिस्टर झाल्यावर तरी सुख लागलं का? एप्रिल १९२३ मध्ये परत आले. हायकोर्टाची सनद काढायलाही जवळ पैसे नव्हते, पुन्हा भथेनाच धावले. परळला दामोदर हॉलजवळ कचेरी थाटली. पण तेव्हा मुंबईत बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून येत असे, आणि सॉलिसिटर अस्पृश्याला काम देत नव्हते. म्हणून अपिलाची कामं, जिल्ह्याच्या कोर्टातली कामं, गरिबांची कामं. १९२५ पासून तीन वर्षं अकाउंटन्सीच्या एका संस्थेत कायदा शिकवून घर चालवलं. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे-जवळकरांना शिक्षा झाली तेव्हा १९२६ साली पुण्याला अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि ते सुटले. महाडच्या तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये सुरू झाला तो हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने संपला. दहा वर्षं तारखा.

आज इंग्लंडच्या बॅरिस्टरीचं इथे काही चालत नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने इथली सनद हीच खरी केली आणि ३१ डिसेंबर १९७६ नंतर झालेल्या बॅरिस्टरला नुसत्या त्या बळावर इथे नाव घालता येत नाही. तेव्हा कुणी विचारेल, मग या पोरीला तिकडची परीक्षा कशाला? समितीच्या बैठकीत हे विचारलं गेलंच. आम्ही तिलाच उत्तर द्यायला सांगितलं. ती म्हणाली, परदेशी कंपन्यांचे करार इंग्लंडच्या कायद्याखाली होतात, ते काम मुंबईत बसूनही येतं, पण ज्याच्याकडे ती पदवी आहे त्याच्याकडेच येतं. शाहू महाराजांच्या नावाची सरकारी परदेश शिष्यवृत्ती आहे, आपल्या मुलांना ती मिळते, पण ती विद्यापीठाच्या शिक्षणासाठी. नुसत्या परीक्षेच्या फीला नाही. मग आम्ही विचारलं, "पोरी, पैशाचं काय केलंस?" तर म्हणाली, पहिल्या भागाची फी साठवली आहे, दुसऱ्याचं नंतर बघू.

बैठक दोन रविवार चालली. कुणी म्हणालं, वरच्या खोलीत उत्सवाची भांडी आहेत. कुणी म्हणालं, रात्री मुलगी एकटी, लोक बोलतील. यावर आमच्या एका आक्काने, ज्या कधी बैठकीत बोलत नाहीत, सांगितलं की मी खाली माळा ओवत बसेन अकरापर्यंत, मला नाहीतरी झोप नाही. जमलेल्या निधीतून फरशी बदलायची होती, ती पुढच्या वर्षावर गेली. त्याऐवजी दोन टेबलं, चार खुर्च्या आणि दोन ट्यूबलाइट घेतल्या. निधीतले काही पैसे परीक्षेच्या फीसाठी बिनव्याजी उसने द्यावेत, यावर अजून एकमत नाही. आमचं मत द्यावेत असं आहे आणि ते इथे छापून टाकतो.

खोलीच्या दोन किल्ल्या केल्या. एक त्या मुलीकडे, एक आक्कांकडे. आता दहावीची तीन पोरं आणि नर्सिंगची एक मुलगीही येऊन बसते. तिच्या परीक्षेचा पहिला भाग जानेवारीत आहे. भांडी अजून तिथेच आहेत, ती जिन्याखाली हलवायची आहेत. ज्यांना हात लावता येईल त्यांनी येत्या रविवारी सकाळी नऊला यावं.